किमतीआधी कुलूप बघा: पीसीवरचा गेम कुठून घ्यावा?

एकट्याने खेळायचा गेम असेल आणि तो जीओजी या ऑनलाइन दुकानात मिळत असेल, तर तिथूनच घ्या, शंभर-दोनशे रुपये जास्त पडले तरी. तिथे नसेल तर स्टीम या दुसऱ्या ऑनलाइन दुकानातून घ्या, पण गेमच्या पानाच्या उजव्या बाजूची चौकट वाचून. त्या चौकटीत डेनुवो या प्रत-रोधक कुलपाचं नाव असेल, किंवा गेम कायम ऑनलाइन राहायला सांगत असेल, तर थांबा. माझं मत आधीच सांगून टाकलं. ते कसं बनलं ते आता सांगतो.

दोन वर्षांपूर्वी गणपतीला कोकणात गावी गेलो तेव्हा लॅपटॉप बरोबर नेला होता. गौरीचं जेवण उरकलं, दुपारी पाऊस लागला. पुतण्याला म्हटलं, चल, तुला नवा गेम दाखवतो. पूर्ण पैसे मोजून घेतलेला, एकट्याने खेळायचा, मुंबईतूनच डाउनलोड करून आणलेला. उघडला तर चकती फिरत राहिली आणि मग ओळ आली: सर्व्हरशी संपर्क होत नाही. आमच्या घरात रेंज येते ती फक्त मागच्या पडवीत, तीही खांबापाशी. फोन खांबाला सुतळीने बांधला, हॉटस्पॉट लावला, लॅपटॉप पाटावर ठेवला. तरी नाही. पुतण्या म्हणाला, "काका, हा माझ्याकडे आहे की." शेजारच्या घरातल्या जुन्या पीसीवर त्याने चोरीची प्रत उघडून दाखवली. लगेच चालू झाली. विकत घेऊन खेळावं, हे त्या मुलाला मी कोणत्या तोंडाने सांगणार होतो?

प्रती काढता येऊ नयेत म्हणून गेमला लावलेल्या या कुलपाला डीआरएम म्हणतात. ज्याच्यासाठी ते लावलं, तो ते तोडून मोकळा होतो. रोज ते उघडत बसावं लागतं ते पैसे भरलेल्या माणसाला. मात्र सगळी कुलपं सारखी नसतात, आणि निवड करायची ती इथेच.

जीओजी हे पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने २००८ मध्ये सुरू केलेलं दुकान. तिथल्या एकट्याने खेळायच्या गेमना कुलूपच नसतं. खात्यात जाऊन ऑफलाइन इन्स्टॉलर उतरवायचा, हार्ड डिस्कवर ठेवायचा, झालं. मोठा गेम असला की इन्स्टॉलरचे चार-चार जीबीचे तुकडे येतात. ते सगळे एकाच फोल्डरमध्ये लागतात, एक राहिला तर इन्स्टॉल अडतं, एवढी काळजी घ्या. पुढच्या गणपतीला मी पुतण्याच्या नावाने जीओजीवर खातं काढून त्याला 'स्टारड्यू व्हॅली' घेऊन दिला. एकट्या माणसाने बनवलेला, जेमतेम जागा घेणारा गेम. इन्स्टॉलर पेनड्राइव्हवर नेला, त्याच जुन्या पीसीवर टाकला, आणि खांबाला काही बांधावं लागलं नाही.

बिनकुलुपाचं विकलं तर धंदा बुडतो म्हणावं, तर 'विचर ३', 'सायबरपंक २०७७', 'बाल्डर्स गेट ३' हे तिन्ही तिथे मिळतात, आणि तिन्ही तुफान खपलेत. सीडी प्रोजेक्टने हा धडा स्वतःच घेतला होता. २०११ मध्ये त्यांचा 'विचर २' आला तेव्हा जीओजीवरची प्रत मोकळी होती, दुकानातल्या डब्यातल्या प्रतीला मात्र सेक्युरॉमचं कुलूप होतं. काही दिवसांतच कंपनीने पॅच देऊन ते काढलं.

जीओजीची खरी उणीव म्हणजे संग्रह. नवे मोठे गेम तिथे उशिरा येतात किंवा येतच नाहीत. मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायचं असेल तर बऱ्याच गेमना त्यांचं गॅलेक्सी अ‍ॅप लागतंच. मित्रमंडळी सगळी स्टीमवर असतील तर तुमचाही निर्णय तिथेच होईल, आणि त्यात काही चूक नाही.

स्टीमवर रुपयांत किंमत आहे, सेल चांगले असतात, आणि त्याचं स्वतःचं कुलूप मवाळ आहे. घरी नेट असताना गेम पूर्ण उतरवून एकदा चालवला की ऑफलाइन मोडमध्ये तो गावीही चालतो. पण चावी स्टीमच्याच हातात राहते. १ जानेवारी २०२४ पासून विंडोज ७ आणि ८ वर स्टीमचा आधार बंद झाला. म्हणजे त्या जुन्या मशीनवर वर्षानुवर्षं चालत आलेले, पैसे देऊन घेतलेले गेम उघडतीलच याची हमी राहिली नाही. गेम बिघडला नव्हता, पीसीही धड होता. ज्यांच्या घरी एक जुना पीसी मुलांसाठी ठेवलेला असतो, त्यांनी हे धरून चालावं.

आता तिसरा प्रकार, ज्याने माझ्यासारख्यांना सर्वात जास्त छळलंय. स्टीमच्याच पानावर उजवीकडे 'थर्ड-पार्टी डीआरएम' अशी चौकट दिसते आणि तिच्यात बहुतेक वेळा डेनुवो असतं. ही ऑस्ट्रियातली कंपनी, २०१४ पासून मोठ्या गेमवर तिचं कुलूप दिसू लागलं. चौकटीत बरेचदा लिहिलेलं असतं की दिवसाला पाचच वेगवेगळ्या मशीनवर चालू होईल. वाचताना वाटतं, माझ्याकडे कुठे पाच मशीन आहेत? पण स्टीम डेक (स्टीमचं हातात धरून खेळायचं यंत्र) किंवा लिनक्स वापरणाऱ्याने गेम नीट चालावा म्हणून प्रोटॉनच्या, म्हणजे विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, आवृत्त्या बदलून पाहिल्या, तर प्रत्येक आवृत्ती नवं मशीन म्हणून मोजली जाते आणि तो आपल्याच गेमबाहेर दिवसभर अडकतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये तर डेनुवोच्या एका डोमेनची (वेबपत्त्याची) मुदत संपली आणि कित्येक गेम विकत घेतलेल्या लोकांसाठी बंद पडले.

वेगाचं म्हणाल तर 'रेसिडेंट ईव्हिल व्हिलेज'चं उदाहरण पुरे. मे २०२१ मध्ये आलेल्या या गेममध्ये पीसीवर गोळी झाडताना चित्र अडखळायचं. त्यावर डेनुवो होतंच, शिवाय तो बनवणाऱ्या कॅपकॉमचं स्वतःचं कुलूपही होतं. जुलैमध्ये कुलूप तोडलेली प्रत फिरू लागली आणि गेमची तांत्रिक तपासणी करणाऱ्या डिजिटल फाउंड्रीने दोन्ही प्रती तपासून दाखवलं की चोरीची प्रत जास्त सुरळीत चालते. मग कॅपकॉमने पॅच दिला. तोवर पूर्ण किंमत मोजलेली माणसं आपलं ग्राफिक कार्डच कमी पडतंय असं समजून सेटिंग खाली आणत बसली होती. याचा मला आजही राग येतो.

कंपन्यांची बाजूही खरी आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की पहिल्याच आठवड्यात डेनुवो तुटलं तर उत्पन्न सरासरी वीस टक्क्यांच्या आसपास घटतं. वर्षानुवर्षं खपून गेम बनवणाऱ्यांच्या पोटाचा तो प्रश्न आहे, आणि म्हणून मी क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेली प्रत, सुचवत नाही. शिवाय त्या फायलींतून व्हायरस येतात ते वेगळंच. पण तोच अभ्यास सांगतो की बारा आठवड्यांनंतर तुटलं तर फरक जवळपास उरत नाही. मग तीन महिन्यांनंतर हे कुलूप कोणासाठी? काही कंपन्या ते पुढे काढतातही. 'व्हिलेज'मधून २०२३ मध्ये निघालं. म्हणून डेनुवोचा गेम आवडला तर विशलिस्टमध्ये टाका आणि वाट बघा. किंमतही उतरलेली असते.

कायम ऑनलाइन राहायला लावणाऱ्या गेमबद्दल मात्र माझं मत कडक आहे: एकट्याने खेळायचं असेल तर घेऊच नका. मार्च २०१० मध्ये 'असॅसिन्स क्रीड २' पीसीवर आला तेव्हा नेट तुटलं की गेम जागच्या जागी थांबायचा, आणि त्याच महिन्यात तो बनवणाऱ्या युबिसॉफ्टच्या सर्व्हरवर हल्ला झाला तेव्हा खेळताच येईना. २०१३ च्या 'सिमसिटी'त स्वतःचं शहर वसवायला लोक रांगेत थांबले. हिशोब सर्व्हरवर होतात म्हणून नेट लागतं, असं सांगितलं गेलं. वर्षभराने ऑफलाइन मोड आलाच. 'द क्रू'चं तर सगळंच गेलं. २०१४ चा गेम, एकट्याने खेळायची मोठी कथा असलेला. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि ती कथाही गेली. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदा लागू झालाय की असे डिजिटल गेम विकताना 'हा परवाना आहे' हे स्पष्ट सांगावं लागेल. सांगितलं म्हणून गेम परत येत नाही.

जुन्या सीडी कपाटात असतील तर आशा धरू नका. सेफडिस्कसारखी जुनी कुलपं विंडोज १० ने नाकारली, त्यामुळे अस्सल सीडीही चालत नाही. त्यातले बरेच गेम जीओजीवर कुलूप काढून मिळतात.

आणि घेतलाच, तर पहिल्या तासाभरात वाय-फाय बंद करून गेम पुन्हा उघडून बघा. स्टीमवर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत मिळतात. जीओजीवर ३० दिवसांपर्यंत, खेळून झालं असलं तरी. मोठा गेम असेल तर सुरुवातीचे व्हिडिओ आणि सेटिंग यातच दोन तास निघून जातात, म्हणून ही तपासणी आधी करा, खेळायला नंतर बसा.