स्टॅनफर्डचा मोफत तत्त्वज्ञानकोश : दोन नोंदींसाठी तरी उघडाच

मी तीस वर्षं अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवलं. सुट्टीच्या दिवशी गावोगाव चमत्कारांमागचं विज्ञान दाखवायला जायचो, अजूनही जातो. नारळाच्या शेंडीत सोडियमचा तुकडा लपवायचा, वरून पाणी शिंपडायचं, शेंडी पेटते. मग सोडियम काढून दाखवायचा. एकदा तासगावकडच्या शाळेत नववीतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, नारळाचं कळलं. पण माझी दाढ दुखते, ते दुखणं म्हणजे नुसता मेंदूच का?" मी "हो" म्हटलं आणि पुढचा प्रयोग घेतला. ते "हो" मला अनेक दिवस टोचत राहिलं.

आधी पैसे भरून एक ऑनलाइन कोर्स केला. तिथे निसर्गवाद आणि भौतिकवाद हे दोन्ही एकच म्हणून एका स्लाइडवर उरकले होते. मग हा कोश सापडला : इंटरनेटवरचा 'स्टॅनफर्ड एन्सायक्लोपीडिया ऑफ फिलॉसॉफी'. स्टॅनफर्ड विद्यापीठात एडवर्ड झाल्टा यांनी १९९५ मध्ये सुरू केलेला, वाचायला पूर्ण मोफत. प्रत्येक नोंद त्या विषयातला जाणकार लिहितो, दुसरे जाणकार तपासतात. नोंदी सुधारल्या जातात, पण जुनी रूपंही जपलेली असतात.

डेव्हिड पॅपिनो यांची 'निसर्गवाद' आणि डॅनियल स्टोल्जार यांची 'भौतिकवाद' या दोन नोंदी शेजारी ठेवून वाचा. निसर्गवाद म्हणतो, अलौकिक काही नाही आणि शोध घ्यायचा तो विज्ञानाच्या वाटेनं. भौतिकवादाचा दावा याहून मोठा : जे जे आहे ते सगळं भौतिक, आणि शरीरात-जगात कुठलाच भौतिक फरक न पडता मनात फरक पडूच शकत नाही. पहिलं मानून दुसरं नाकारता येतं. तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स १९९६ पासून नेमकं तेच करतात. जाणिवेलाही निसर्गाचे नियम आहेत, पण ती भौतिकात विरघळत नाही, असं ते मांडतात.

तत्त्वज्ञ कार्ल हेम्पेल यांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या पेचाशी मात्र मी दोन संध्याकाळी अडून बसलो. 'भौतिक' म्हणजे काय? आजच्या फिजिक्समध्ये आहे ते, असं म्हणाल तर आजचं फिजिक्स अपुरं आहे. उद्याच्या पूर्ण फिजिक्समध्ये असेल ते, असं म्हणाल तर त्यात काय असेल हे कुणाला ठाऊक? माझ्या १९९० च्या नोट्समध्ये डार्क एनर्जीचा उल्लेखही नाही. विश्वाचं प्रसरण वेग घेतंय हे १९९८ मध्ये कळलं, आणि त्यामागच्या अज्ञात कारणालाच डार्क एनर्जी म्हणतात. इतकी वर्षं 'भौतिक' हा शब्द मी फळ्यावर किती सहज लिहीत होतो!

इंग्रजी जड आहे, चित्रं नाहीत. एका बैठकीत एकच विभाग घ्या, पेन्सिल हातात ठेवा. पॅपिनोंपासून सुरुवात करा. शरीरात जीवशक्तीसारखं वेगळं बळ सापडत नाही, हे विज्ञानाला हळूहळू कसं पटत गेलं, तो भाग फिजिक्सवाल्यांना विशेष आवडेल.

बुवाबाजीविरुद्धच्या कामाला निसर्गवाद पुरतो. सोडियम दाखवायला जाणिवेचं कोडं सुटलेलं असावं लागत नाही. ती मुलगी आता अकरावीत असेल. त्या शाळेत पुन्हा बोलावलंय. तिच्या प्रश्नासाठी या वेळी वीस मिनिटं राखून ठेवली आहेत.