गोष्ट वाजवणारे व्हायोलिन-संच: गावच्या शाळेने कोणता घ्यावा

विद्यार्थ्यांच्या तंतुवाद्यवृंदासाठी लिहिलेल्या कथारचना, म्हणजे स्वरांतून गोष्ट सांगणाऱ्या रचना, आता घरबसल्या मिळतात. अमेरिकी प्रकाशकांचे छापील संच आहेत, त्यांच्याच पीडीएफ आहेत, आणि आयएमएसएलपी या स्वरलिपींच्या ऑनलाइन संग्रहावर फुकट उतरवता येणाऱ्या तीनशे वर्षांपूर्वीच्या रचना आहेत. इथली पारख विदर्भातल्या गावच्या शाळेसाठी आहे. म्हणजे दहा-बारा व्हायोलिनं, जमलं तर एक चेलो (मोठं, खर्जाचं तंतुवाद्य), व्हायोला (व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं, खालच्या सुरांचं) नाही, डबल बास (सगळ्यात मोठं, सगळ्यात खालचं) नाही, पियानोच्या जागी पेटी, आणि जानेवारीत स्नेहसंमेलन.

आधी पाकिटात काय येतं ते. नेहमीच्या संचात गुरुजींसाठी पूर्ण स्कोअर (सगळ्या वाद्यांच्या ओळी एकत्र छापलेली स्वरलिपी), पहिल्या आणि दुसऱ्या व्हायोलिनच्या प्रत्येकी 8 प्रती, व्हायोला, चेलो, बासच्या साधारण 5-5, आणि एक पियानोचं पान असतं. किंमत साधारण 50 ते 70 डॉलर, टपालखर्च वेगळा. पण आपल्याकडे सगळ्यात मोलाचं पान वेगळंच आहे. तिसरं व्हायोलिन. व्हायोलाची ओळ ट्रेबल क्लेफमध्ये (व्हायोलिनच्या स्वरलिपीच्या खुणेत) उतरवून, ‘जी’ या सगळ्यात खालच्या तारेच्या खाली जाणारे स्वर सप्तकभर वर नेऊन ते छापलेलं असतं. हे पान यादीत दिसत नसेल तर संच कितीही देखणा असो, मागवू नका. व्हायोलाचा आल्टो क्लेफ व्हायोलिनच्या मुलांना वाचता येत नाही, आणि ती ओळ सोडून दिली की वर धून आणि खाली खर्ज एवढंच उरतं, मधलं अंग पोकळ होतं. बारा मुलं असतील तर चार-चार-चार अशी वाटणी करा. तिसऱ्या ओळीवर कच्ची मुलं बसवायची सवय आहे, ती मोडा. तिथे किमान एक पक्का हात हवाच.

आता गोष्टीकडे येऊ, कारण पैसे आपण तिच्यासाठी मोजतो. अर्ध्याअधिक संचांमध्ये गोष्ट फक्त मथळ्यात असते. नाव ड्रॅगनचं, भुताचं नाहीतर समुद्री चाच्यांचं. सुरुवातीला चार बार (तालाची घरं) ट्रेमोलो (एकच स्वर गजाने भरभर थरथरवणं), मग कोमल स्वरांची एक धून, शेवटी धाडकन एक ठोका. दुसरं व्हायोलिन त्यात चाळीस-चाळीस बार एकच स्वर घासत बसतं. त्या मुलाला विचारा, तू गोष्टीत कोण आहेस? उत्तर नसतं. संच घेण्याआधी प्रकाशकाच्या संकेतस्थळावर नमुन्याची पानं आणि ध्वनिफीत असते. मथळा झाका, आणि फक्त दुसऱ्या व्हायोलिनचं आणि चेलोचं पान वाचा. त्या पानावर काही घडतं का? कुणी येतं, पळतं, दचकतं, थांबतं का? घडत असेल तरच पुढे जा. पहिली पोझिशन (डावा हात मानेच्या टोकाशी) आणि डी मेजर (पांढरी दोनवरचे शुद्ध स्वर) एवढ्यातच लिहायचं असतं ही संगीतकाराची अडचण खरी आहे. पण त्याच अडचणीत उत्तम लिहिणारे लोकही आहेत.

चांगली कथारचना म्हणजे काय हे पाहायचं तर इटालियन संगीतकार विवाल्डीच्या ‘वसंत’ या व्हायोलिन-रचनेचा दुसरा भाग उघडा. 1725 मध्ये छापलेली रचना, सोबत सुनीत, म्हणजे गोष्ट कागदावरच लिहिलेली. एकल व्हायोलिन हा झोपलेला गुराखी, बाकीची व्हायोलिनं पानांची सळसळ, आणि व्हायोला म्हणजे त्याचं भुंकणारं कुत्रं. कुत्र्याच्या ओळीवर संगीतकाराची सूचना आहे की ती कायम मोठ्याने आणि ओढून, तोडून वाजवावी. बाकी सगळे हळू, हे एकटंच जोरात. कुत्र्याच्या वाट्याला धून नाही, तरी ते मूल सगळ्या वर्गात भाव खाऊन जातं. मूळ रचनेत या भागात चेलो गप्प असतो, म्हणून आपल्याकडे कुत्रं चेलोला द्यायला काहीच हरकत नाही. अडचण एकच. मूळ सूर सी शार्प मायनर आहे, पेटीवर काळी एक, आणि चार शार्प (अर्ध्या सुराने चढवलेले स्वर) पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या बोटांना झेपत नाहीत. अर्धा स्वर वर, म्हणजे डी मायनरमध्ये, पांढरी दोनवर उचलून घ्या. ग, ध, नी कोमल, आसावरीची ओळखीची वाट.

जर्मन संगीतकार टेलेमानची, डॉन किहोटे या स्पॅनिश कादंबरीवरची रचना मोठ्या मुलांसाठी. पवनचक्क्यांवरचा हल्ला म्हणजे भरभर पुनरावृत्तीचे स्वर, प्रेमाचे उसासे म्हणजे दोन-दोन स्वरांनी खाली घसरणं, आणि नोकर सांचोचं गाढव चालता चालता अडतं ते थेट लयीतच ऐकू येतं. गाढवाचं थांबणं हाच खरा धडा आहे. मुलं विराम मोजत नाहीत, बाजूच्याकडे पाहून उडी घेतात, आणि अडलेलं गाढव घसरलेलं वाटतं. विरामावर सगळ्यांनी गज तारेवर टेकवून ठेवायचा, उचलायचा नाही. हात हवेत गेला की पुढचा स्वर लवकर येतोच. मात्र ही गोष्ट मुलांना आधी ठाऊक नसते. पवनचक्कीला राक्षस समजणारा म्हातारा सरदार आधी वर्गात सांगावा लागतो, नाहीतर नुसते स्वर उरतात.

संगीतकार बीबरची 1673 ची ‘बतालिया’, म्हणजे लढाई, सगळ्यात धाडसी. त्यातला युद्धदेव मार्सचा भाग गावच्या शाळेत हमखास रंगतो, कारण ढोल नसताना ढोल वाजतो. बासच्या तारांत कागद अडकवायचा, आपल्याकडे चेलोच्या. वहीच्या कागदाची दोन बोटं रुंद पट्टी घ्या, एका तारेवरून, दुसरीखालून अशी ओवा, आणि फिंगरबोर्डच्या टोकाशी, गज फिरतो त्या जागेच्या जरा वर बसवा. कागद तारेला हलका लागायला हवा. पुठ्ठा घेतला तर आवाज मेला, गुळगुळीत मासिकाचं पान घेतलं तर दहा बारात सरकून घोडीशी (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीशी) येतं. दुसऱ्या भागात दारू प्यालेले शिपाई वेगवेगळी गाणी एकाच वेळी गातात. ते बेसूर मुद्दाम आहे, बीबरने कागदावर तसं लिहून ठेवलंय. कार्यक्रमात निवेदकाने हे आधी सांगावं, नाहीतर पालकांना पोट्टे चुकले असं वाटेल. तालीम घेताना प्रत्येक गटाला वेगळ्या कोपऱ्यात बसवा, आठवडाभर एकत्र आणूच नका.

आता परिणाम साधायच्या युक्त्या. इथे प्रकाशकांच्या सूचना आपल्या मुलांना लागू पडत नाहीत, कारण त्या हनुवटीखाली व्हायोलिन धरणाऱ्यांसाठी लिहिलेल्या असतात. आपली बहुतेक मुलं मांडी घालून, टोक पायाच्या घोट्यावर टेकवून वाजवतात. डावा हात मोकळा असल्याने वाऱ्याचा, भुताचा घसरता स्वर त्यांना मिंडेसारखा सहज येतो, आणि इतर मुलं महिनाभर झगडतात ते आपली पहिल्या दिवशी करतात. उलट कोल लेन्यो, म्हणजे गजाच्या काठीने तारेवर टिचक्या, बैठकीत फसतं. वाद्य उतरतं असतं, काठी आपल्या वजनाने तारेवर पडून उसळत नाही. मनगटाने मारावं लागतं, मग ठोके एका वेळी पडत नाहीत. शिवाय स्वस्त गजाचं पॉलिश जातं. त्यापेक्षा पेन्सिल द्या, हलकी आणि एकसारख्या लांबीची. ट्रेमोलो गजाच्या टोकाशी, दोन बोटं लांबीचाच. मुलं अख्खा दंड आवळतात आणि आठव्या बाराला थकतात.

पिझिकाटोवरून (बोटाने तार छेडण्यावरून) पुन्हा गजावर यायला नवख्याला किमान दोन मात्रा लागतात. काही संच एवढाही विराम देत नाहीत, हा लिहिणाऱ्याचा दोष आहे. शेजारच्या दोघांत वाटून घ्या: एकाने शेवटचे दोन स्वर छेडायचे, दुसऱ्याने आधीच गज तयार ठेवायचा.

जुळवणी वेगळी हे विसरू नका. सगळे संच जी-डी-ए-ई (खालून वर चार तारांचे स्वर) धरून लिहिलेले. सा पांढरी दोन ठेवून प-सा-प-सा जुळवणाऱ्यांच्या मधल्या दोन तारा जागेवरच राहतात. खालची ए वरून जी वर उतरवायची, वरची डी वरून ई वर चढवायची. वरची हळूहळू चढवा, आणि वाजवायच्या आदल्या दिवशीच, कारण नव्या ताणावर तार रात्रभर उतरते. मार्च ते मेच्या कोरड्या उन्हात खुंट्या आकसून सुटतात, जुलैत फुगून अडकतात. खडू आणि कोरडा साबण दोन्ही जवळ असू द्या: सुटणाऱ्या खुंटीला खडू, अडकणाऱ्या खुंटीला साबण. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत राळेची डबी ठेवली तर राळ मऊ पडू शकते.

निवेदन बहुतेक संचांत इंग्रजीत असतं. शब्दशः भाषांतर नको, दोन-तीन वाक्यं आपल्या बोलीत, आणि तीही संगीताच्या मध्ये नाही, आधी. काही संचांत ऐच्छिक तालवाद्याचं पान असतं. तिथे टॅम्बुरिन मागवू नका. तुकडोजी महाराजांच्या भजनामुळे खंजिरी गावोगाव आहे, आणि ती वाजवणारा हातही. पान मात्र वाचूनच वाजवायला लावा, भजनाचा ठेका सुटला की गोष्ट पळते. मांडी घातलेल्या मुलांसमोर उंच स्टँड लावले तर मान वर राहते, त्यापेक्षा पोथीचं लाकडी व्यासपीठ दोघांत एक.

प्रतींबद्दल स्पष्ट बोलायला हवं. छापील संचावर कॉपीराइटचा हक्क असतो. पान फाटलं, हरवलं तर सुटं पान विकत मिळतं, झेरॉक्स काढून पाच शाळांत वाटणं चूक आहे. विवाल्डी, टेलेमान, बीबर यांच्या मूळ रचना मोकळ्या आहेत, पण त्यांची आजकालची सोपी रूपांतरं नेहमीच मोकळी नसतात. पहिल्याच वर्षी पैसे नसतील तर आधी विवाल्डीचं कुत्रं बसवा. दुसऱ्या वर्षी तिसऱ्या व्हायोलिनचं पान असलेला, ग्रेड एक किंवा दोनचा, म्हणजे सोप्या पातळीचा, एकच संच. दोन एकदम घेऊ नका, एक बसायला सहा आठवडे लागतात.

शेवटी मंडप. डेकोरेशनवाल्याच्या ध्वनियंत्रणेवर एको चालू असतो, भाषणासाठी त्याला तोच आवडतो. त्यात ट्रेमोलो चिखल होतो आणि पिझिकाटोचे दोन-दोन स्वर ऐकू येतात. मुलं मंचावर चढायच्या आधी एको पूर्ण बंद करायला लावा, आणि माईक पहिल्या व्हायोलिनसमोर नाही, चेलो आणि तिसऱ्या ओळीसमोर तीन-चार फुटांवर, जमिनीपासून हातभर उंच ठेवायला सांगा.