इंजिन धुवायच्या सामानाचा हिशोब : बाटलीपेक्षा ब्रशला जास्त मार्क

बेळगावातनं जांबोटी-चोर्ला मार्गे गोव्याला जाऊन आलेली गाडी आणि अथणी-रायबागच्या काळ्या रानातनं फिरणारी गाडी शेजारी उभ्या करा, दोन्हींचं बॉनेट उघडा. एकीत तांबड्या मातीची पीठासारखी बारीक धूळ वायरींच्या प्लगापर्यंत शिरलेली दिसेल, दुसरीत काळ्या मातीची ढेकळं कोपऱ्याकोपऱ्यात वाळून बसलेली. दुकानदार मात्र दोघांनाही एकच बाटली काढून देतो आणि "मारा, धुवा, झालं" म्हणतो. एवढ्यानं होत नाही. म्हणून बाटली, ब्रश, पंप आणि शेवटचं चकाकीचं ड्रेसिंग हा सगळा सेट इथं एकत्र तपासला आहे. तुलनेला वॉशिंग सेंटरवरचा डिझेल वॉश, म्हणजे इंजिनावर डिझेल मारून धुणं.

आधी बाटली. घरच्या कामाला पाण्यात मिसळायचा ऑल पर्पज क्लीनर, म्हणजे एपीसी, पुरतो. 'इंजिन डिग्रीझर' असं मोठ्या अक्षरात छापलेला तयार स्प्रे सोयीचा खरा, पण त्यात तुम्ही पाण्याचेच पैसे देता. एपीसी ५० मिली आणि पाणी ४५० मिली, म्हणजे एकास नऊ, हे मिश्रण प्लास्टिकची कव्हरं, होज म्हणजे रबरी नळ्या, आणि रंगवलेला पत्रा यांना बरोबर बसतं. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या कडेला किंवा गिअरबॉक्सच्या वरच्या बाजूला तेल-मातीचा थर जमला असेल तर तेवढ्याच जागेला एकास चार, म्हणजे १०० मिलीला ४०० मिली पाणी. छोट्या हॅचबॅकला पातळ मिश्रणाची अर्धा लिटरची एक बाटली पुष्कळ झाली. एक लिटरचा कॅन आणला तर तशा २० बाटल्या होतात. शेजाऱ्याला दिला तरी उरेल.

उणीव एकच, पण मोठी. एपीसी अल्कधर्मी असतो आणि उघड्या ॲल्युमिनियमला अल्कली मानवत नाही. मिश्रण कडक केलं किंवा वाळू दिलं की अल्टरनेटरची (बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राची) बॉडी, इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्या) यांच्यावर पांढुरके डाग पडतात, आणि ते धुऊन जात नाहीत. म्हणून दोन-तीन मिनिटंच ठेवायचा, तोही सावलीत, एका वेळी एकच कोपरा. एप्रिल-मेच्या दुपारी हे काम काढूच नका. धुण्याच्या सोड्याचं पाणीही याच कारणानं बाद. चाकांसाठी मिळणारा ॲसिडचा क्लीनर तर बॉनेटच्या जवळसुद्धा आणायचा नाही.

आता डिझेल वॉश. गाडी बाहेर येते तेव्हा काळीभोर चमकते आणि गिऱ्हाईक खूश होतं. ही चमक डिझेलच्या पापुद्र्याची असते. चार दिवसांत त्यावर आधीपेक्षा जास्त धूळ चिकटते. कूलंटचे, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचे होज बहुतेक ईपीडीएम नावाच्या रबराचे असतात; हे रबर पाणी आणि उष्णता सोसतं, पण पेट्रोलियम तेलानं फुगतं आणि मऊ पडतं. इंजिनाच्या पुलीवर फिरणाऱ्या पट्ट्यावर डिझेल उडालं तर तो घसरतो आणि सकाळी गाडी सुरू केल्या केल्या किंचाळतो. वर गरम सायलेन्सरपाशी पेट घेण्याचा धोका आहेच. रॉकेलचंही तेच. पाचपैकी शून्य.

झाकाझाकी हे या कामातलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं प्रकरण. अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), एअर फिल्टरचं तोंड, पेट्रोल गाडीत इग्निशन कॉइल (स्पार्क प्लगला वीज देणारी), सीएनजी असेल तर रेग्युलेटरवरच्या वायरींच्या जोडण्या, या सगळ्यांवर प्लास्टिकच्या पिशव्या आणि रबरबँड. किराणा दुकानातल्या पिशव्या चालतात. ॲल्युमिनियम फॉइल वापरायला सांगणारे भेटतील; बॅटरीजवळ फॉइल नको, त्यातनं वीज जाते. जुन्या कार्ब्युरेटरच्या मारुती ओम्नी किंवा ८०० मध्ये डिस्ट्रिब्युटर कॅप (प्लगांना वीज वाटणाऱ्या भागाचं झाकण) आधी झाका, तिथं पाणी शिरलं की गाडी सुरू होत नाही. ऑइलचं झाकण, डिपस्टिक आणि ब्रेक ऑइलचं झाकण घट्ट आहे ना, हे हातानं बघा. हायब्रिड गाडीतल्या नारिंगी वायरी उच्च विद्युतदाबाच्या असतात. तिथं पाणी नाही, ब्रश नाही, काहीच नाही.

बॅटरीची निगेटिव्ह वायर दहा नंबरच्या पान्यानं सोडवून ठेवावी. घड्याळ आणि काचांची ऑटो सेटिंग पुन्हा लावावी लागेल, एवढाच त्रास. टर्मिनलवर पांढरट-निळसर पावडर साठली असेल तर चमचाभर खाण्याचा सोडा कपभर कोमट पाण्यात घालून टूथब्रशनं घासा. ते पाणी बॅटरीच्या झाकणातनं आत जाता कामा नये. वाळल्यावर पेट्रोलियम जेली लावायची.

इंजिन गरम असताना पाणी मारणं म्हणजे संकटाला बोलावणं. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या तापट नळ्यांना) तडा जाऊ शकतो, आणि क्लीनर क्षणात वाळून डाग पडतात. गाडी बंद करून अर्धा-पाऊण तास थांबा आणि हात टेकवता येतो का बघा. तसंच अगदी गार असण्याचीही गरज नाही. किंचित कोमट असलं की ग्रीस लवकर सुटतं.

पहिली फेरी कोरडी. इथंच आपल्या भागातल्या मातीचा फरक कळतो. काळी माती पाणी लागलं की फुगते आणि चिखल होऊन वायरींच्या जुडग्यात घट्ट बसते; वाळलेली असतानाच ब्रशनं पाडली तर ढेकळासकट निघते. तांबडी धूळ ओली केली की तिची लापशी होऊन प्लगात जाते, म्हणून आधी ब्लोअर किंवा व्हॅक्यूम. वायपरखालच्या जाळीतला पालापाचोळा, ऊसतोडीच्या हंगामात उडालेलं पाचट हातानं काढा. एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळ साठलेलं वाळकं पाचट हे पेटायचं सामान आहे, आणि उसाच्या रानातनं आलेले उंदीर याच गादीवर घर करून वायरी कुरतडतात. बॉनेटच्या आतल्या बाजूचा जाड फेल्टचा पॅड ओला करायचा नाही, व्हॅक्यूमच.

मग ब्रश. या सेटमध्ये पैसे वसूल करणारी वस्तू हीच. महागडा डिटेलिंग ब्रश छान असतो, पण हार्डवेअरच्या दुकानातला दीड इंची रंगाचा ब्रश तेवढंच काम करतो. त्याच्या पत्र्याच्या पट्टीवर इन्सुलेशन टेप गुंडाळा, नाहीतर कव्हरवर ओरखडे पडतात आणि टर्मिनलला लागला तर ठिणगी. जोडीला बाटली धुवायचा लांब ब्रश आणि जुना टूथब्रश. घासणं खालून वर, धुणं वरून खाली.

पाणी मारायला दोन लिटरचा हाताचा फवारा पंप चांगला, प्रेशर वॉशर नको. प्रेशरच्या धारेनं रेडिएटरच्या जाळीच्या पातळ पट्ट्या वाकतात आणि पाणी रबर सीलच्या आत घुसतं. घरात फवारणीचा पंप असेलच, पण तणनाशक घातलेला पंप या कामाला वापरू नका. पाणीही बघून घ्या. बोअरचं जड पाणी प्लास्टिकवर वाळलं की पांढरी झाक राहते. काही जण आरओचं बाहेर पडणारं पाणी साठवून वापरतात. ते तर नळाच्या पाण्यापेक्षा जास्त क्षाराचं असतं. शेवटच्या हाताला एसीच्या नळीतनं गळणारं पाणी वापरा, त्यात क्षार जवळजवळ नसतात. गाडीखाली बारदान पसरा, तेलकट पाणी विहिरीच्या कडेला जाऊ देऊ नका.

मायक्रोफायबरच्या फडक्यानं टिपा, ब्लोअरनं कोपरे उडवा, पिशव्या काढा, बॅटरी जोडा आणि बॉनेट उघडं ठेवून इंजिन १०-१५ मिनिटं चालू द्या. रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू होतो, हात लांब. पट्टा पहिले काही सेकंद आवाज करेल, तो पाण्याचा. पण इंजिन थरथरायला लागलं आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकला तर लगेच बंद करा. स्पार्क प्लगच्या खड्ड्यात पाणी गेलेलं असतं. कॉइल काढून हवेनं वाळवा. तसंच फिरवत राहिलं तर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर शुद्ध करणाऱ्या डब्यात) जाऊन तो खराब होतो. डब्ल्यूडी-४० हा स्प्रे इथं ओलावा हटवायला उपयोगी, पण ज्वालाग्राही आहे, तेव्हा गार इंजिनवरच, आणि पट्ट्यावर थेंबही नको.

ड्रेसिंग दुधासारखं पांढरं दिसणारं, पाण्यावर आधारित घ्या. पारदर्शक, तेलकट आणि उग्र वासाचं असेल ते सॉल्व्हंटवालं. त्यावर धूळ बसते. स्पंजवर घेऊन प्लास्टिक आणि होजना लावा, दहा मिनिटांनी पुसा. पट्टा, पुली, सायलेन्सरचा भाग सोडून. दिसायला सुरेख, कामाला शून्य, म्हणून पाचपैकी अडीच. एपीसीला साडेतीन, रंगाच्या ब्रशला पाच.

धुतल्यावर शंभरेक किलोमीटर फिरवून टॉर्च घेऊन पुन्हा बॉनेट उघडा. स्वच्छ धातूवर ताज्या तेलाची ओल कुठून सुरू होते ते आता नेमकं दिसतं: टॅपेट कव्हरचं पॅकिंग, ऑइल फिल्टरची बैठक की आणखी कुठं. ऑटोनगरला मेकॅनिककडे गाडी न्यायची तर तिथला फोटो काढूनच न्या.