सेंट हेलेन्सचा उद्रेक: आधी फोटो पाहावेत की नकाशे?

अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे (यूएसजीएस) जुने फोटो आणि नकाशे दोन्ही फुकट उतरवून घेता येतात. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातला सेंट हेलेन्स ज्वालामुखी समजून घ्यायला मी आधी नकाशाच सुचवेन. १८ मे १९८०च्या उद्रेकाआधी शिखर २,९५० मीटर होतं, नंतर २,५४९. आधीच्या आणि नंतरच्या नकाशांतल्या जागोजागच्या उंचीची वजाबाकी करून ती क्षेत्रफळाने गुणली की डोंगराचा किती भाग गेला ते घनफळात मोजता येतं. उत्तर उतारावरून कोसळलेला ढिगाराच सुमारे अडीच घन किलोमीटरचा होता. फोटोवरून हा हिशोब नजरेच्या अंदाजाने जमत नाही.

पण उद्रेकाच्या आदल्या संध्याकाळचा एक फोटो बघाच. शास्त्रज्ञ डेव्हिड जॉन्स्टन निरीक्षण तळावरच्या ट्रेलरशेजारी खुर्चीत बसलाय, हातात वही, चेहऱ्यावर हसू. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिथेच उद्रेकात मारला गेला. तिथे कोण पहारा देत होतं, हे नकाशावरच्या समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) कधीच सांगणार नाहीत.

फोटो वापरताना तारीख आणि कॅमेऱ्याची जागा टिपून ठेवा. तेवढं असलं की तो नकाशावर बसवता येतो.