नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची पिशवी: बीपीचा कफ वगळता चालेल

खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावाकडची भाची यंदा जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, लागली. कॉलेजनं सामानाची यादी हातात दिली आणि भावाचा फोन आला, "अक्का, तू पस्तीस वर्षं वॉर्डात काढलीस, तूच बघून घेऊन दे." बेळगावातल्या एका सर्जिकल दुकानात तयार किट मिळालं, २,१५० रुपयांना. निळी पिशवी, आत डायलचं बीपीचं यंत्र, स्टेथोस्कोप, डिजिटल थर्मामीटर, टॉर्च, मोजपट्टी, कात्री, आर्टरी फोर्सेप्स (रक्तवाहिनी धरायचा चिमटा), छातीला अडकवायचं घड्याळ आणि एक पुस्तिका. पोरीनं महिनाभर वापरलं, म्हणून आता लिहिते.

बीपीचा डबा दुकानातच उघडायला लावला ते बरं झालं. कफमध्ये, म्हणजे दंडाला गुंडाळायच्या पट्ट्यात, हवा नसताना काटा शून्यावर पाहिजे, ह्याचा सहावर. दुकानदार म्हणतो, "सहानं काय होतंय बाई, शिकायलाच तर आहे." शिकायला आहे म्हणूनच नको! दुसरं काढायला लावलं. त्यात २०० पर्यंत हवा भरून झडप बंद ठेवली, काटा जागचा हलला नाही, म्हणजे गळती नाही. झडपेचा स्क्रू तेवढा कडक आहे. हवा सेकंदाला २ ते ३ मिलिमीटरनं उतरली पाहिजे. पोरीचा काटा पहिले आठ दिवस धाडकन वीस-वीस खाली यायचा. आता हात बसलाय.

खरी भानगड कफची. त्यावर २२–३२ सेंटिमीटर छापलंय, तो दंडाचा घेर. आतल्या रबरी पिशवीची रुंदी घेराच्या साधारण ४० टक्के आणि लांबी ८० टक्के असावी लागते. भाचीचा दंड २३, हॉस्टेलमधल्या मैत्रिणीही तशाच काटकुळ्या, त्यामुळे एकमेकींवर सराव करताना कुणाला काही जाणवलं नाही. सुट्टीला घरी आली, आईचं बीपी घेतलं, तर १५२/९४. रात्री मला फोन, आवाज रडवेला. मी विचारलं, दंड मोजलास? किटमध्ये मोजपट्टी आहे, ती कशाला दिलीय? भावजयीचा दंड भरला ३६. जाड दंडाला लहान कफ आवळला की आकडा खोटाच वर चढतो. ३२–४२ चा कफ वेगळा मागवला, ३८० रुपये पडले, त्यावर आलं १३८/८६. तेही डॉक्टरांना दाखवलंच, पण पोरीची झोप उडवणारा आकडा तो नव्हता. किट विकणाऱ्यानं दोन कफ द्यावेत आणि किंमत तेवढी वाढवावी, माझी काही तक्रार नाही. वॉर्डात सगळे दंड अठरा वर्षांच्या पोरींचे नसतात.

पुस्तिकेत आणखी एक राहिलंय. स्टेथोस्कोप लावायच्या आधी मनगटाची नाडी बोटांखाली धरून कफ फुगवायचा, नाडी हरवते त्याच्यावर आणखी ३० न्यायचं. काही जणांत हवा सोडताना स्टेथोस्कोपातला नाडीचा आवाज मध्येच गायब होतो आणि खाली पुन्हा सुरू होतो. अंदाजानं १५० पर्यंतच फुगवलं तर वरचा आकडा हातचा जातो. आम्हाला मिरजेला शिकताना सिस्टर ट्यूटर बोटांवर पट्टी ठेवून हे करून घ्यायच्या. पुस्तिकेत थेट "कफ फुगवा, ऐका" एवढंच. हात धुण्याची चित्रं मात्र झकास, साबण-पाण्यानं ४० ते ६० सेकंद, अंगठा आणि बोटांच्या बेचक्यांसकट. भाचीनं ते पान हॉस्टेलच्या बेसिनवर चिकटवलंय.

स्टेथोस्कोप सरावापुरता ठीक. नळी ताठ आहे, कानातली बोंडं टणक, तासाभरानं कान दुखतात. (कानात घालताना बोंडांचं तोंड नाकाच्या दिशेला. हे अजूनही दरवर्षी कुणीतरी उलटं घालतं.) थर्मामीटर चांगला. आमच्या वेळी पारा झटकता झटकता खाटेच्या दांड्यावर आपटून किती फुटले आणि ते गोळे आम्ही फरशीवर कागदानं कसे गोळा केले, ते आठवलं तरी आता धडकी भरते. काखेतलं माप तोंडातल्यापेक्षा साधारण एक अंश फॅरनहाइट कमी येतं. कुठे लावला ते चार्टवर लिहायचं, आकड्यात आपल्या मनानं एक मिळवायचा नाही.

घड्याळाला सेकंदकाटा नाही. नर्सच्या घड्याळाला! नाडी काय तासावर मोजायची? ते परत केलं, त्याचे पैसे कापून मिळाले नाहीत, बदल्यात कापसाची दोन बंडलं दिली. कात्री आणि फोर्सेप्सवर खानापूरच्या पावसात पंधरा दिवसांत गंज धरला. स्टीलची म्हणून दिली होती. टॉर्च ठीकठाक.

पुस्तिका इंग्रजी आणि कन्नडमध्ये आहे, मराठी नाही. भाची दहावीपर्यंत मराठी शाळेत, पुस्तकं इंग्रजी, आणि वॉर्डात बैलहोंगल, सौंदत्तीकडचे पेशंट कन्नड बोलणारे. त्या कन्नड पानांचा तिनं चांगला उपयोग करून घेतला. "एल्ली नोवु?" म्हणजे कुठे दुखतंय, हे पहिल्या आठवड्यातच पाठ. बीपी घेताना पेशंट पाच मिनिटं शांत बसलेला हवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीवर आणि तोंड बंद. तेव्हा "माताडब्याड्री", बोलू नका.

घ्यायचं असेल तर घ्या, पण काटा आणि घड्याळ दुकानातच तपासून, आणि मोठा कफ सोबतच. कात्री वेगळी घ्या. पाचपैकी तीन देईन.

भावजय आता रोज संध्याकाळी हौसेनं दंड पुढे करून बसते आणि पंप दाबायला लागलं की नेमकी गावातल्या लग्नाचं काढते. मराठीत सांगून ऐकत नाही, म्हणून पोरगी आईलाही "माताडब्याड्री" म्हणते.