शिरोरेषेतला सांधा: अक्षरं समोरून उजळावीत की मागून?

दर्शनी भिंतीवर इमारतीचं नाव हवं आणि ते रात्रीही दिसायला हवं, इथपर्यंत सगळं ठरलेलं असतं. गाडी अडते ती पुढे. अ‍ॅक्रिलिकचा चेहरा असलेली, समोरून उजळणारी अक्षरं घ्यावीत, की पत्र्याची बंद अक्षरं भिंतीपासून तीन-चार सेंटीमीटर पुढे बसवून मागून उजेड सोडावा? मी दोन्ही प्रकार बनवून घेतले आहेत.

लांबून वाचायचं असेल तर समोरून उजळणाऱ्या अक्षरांना तोड नाही. मागून उजळणाऱ्यांचं सगळं भिंतीवर अवलंबून असतं. भिंत फिकी आणि मॅट असेल तर अक्षराभोवती सुरेख प्रभा पसरते. गडद भिंत उजेड गिळते आणि पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटमध्ये एकेका एलईडीचा ठिपका आरशासारखा दिसतो.

माझं मत फिरलं ते शिरोरेषेमुळे. रोमन अक्षरं सुटी, प्रत्येकाचा डबा वेगळा. देवनागरीत अख्खा शब्द एका रेषेला लटकलेला. मोठा शब्द एका तुकड्यात बनवणं, नेणं, चढवणं कठीण, म्हणून शिरोरेषा कुठेतरी कापावीच लागते. त्यात अ‍ॅक्रिलिक उन्हात वाढतं: तापमान ३० अंशांनी चढलं की दोन मीटर लांबीला सुमारे ४ मिमी, अ‍ॅल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट. त्यामुळे सांध्यात फट सोडणं आलंच. दिवसा ती जाणवत नाही. रात्री दिवे लागले की उजळ रेषेत काळी चीर उभी राहते आणि नजर सारखी तिथेच जाते. मी तो सांधा तीनदा उघडायला लावला. फट कमी केली, तर उन्हाळ्यात चेहरा फुगून वर आला. आतून पांढरी पट्टी लावली, तर तेवढाच तुकडा मंद दिसू लागला. शेवटी सांधा सरकवून काना रेषेला मिळतो तिथे नेला, तेव्हा थोडा झाकला गेला. थोडाच.

मागून उजळणाऱ्या अक्षरांत ही चीर मला तरी दिसली नाही. रात्री चेहराच काळोखात असतो, सांधाही त्यात जातो, आणि भिंतीवरची प्रभा सलग राहते.

त्यांचेही त्रास आहेत. मागच्या फटीत कोळी जाळी विणतात. करड्या भिंतीवर स्टीलची अक्षरं दिवसा हरवतात, ती गडद रंगवलेली बरी. अक्षरं लहान असली तर क्ष, ज्ञ यांच्या पोटातल्या जागा उजेडाने भरून जातात आणि वाचताना अडखळायला होतं. अनुस्वार तर दोन्हीकडे सारखाच छळतो, एवढ्याशा ठिपक्याला वेगळी वायर आणि भिंतीत वेगळं भोक.

वेगात जाणाऱ्या गाडीतून नाव वाचलं जायला हवं असेल, तर समोरून उजळणारीच घ्या, मी अडवणार नाही. पण लोक चालत जवळ येत असतील आणि भिंत फिकी असेल, तर मी मागून उजळणाऱ्यांकडे झुकेन. कारागिराला आधी पूर्ण मापाची दोनच अक्षरं करायला सांगा, मधल्या सांध्यासकट, आणि ती त्याच भिंतीवर एक रात्र लावून पाहा.