कारच्या नंबरावर दुचाकीचा विमा: माझी फसवणूक कशी झाली

डिसेंबर 2023 मधली गोष्ट आहे. बाबांना तपासणीसाठी सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं होतं. नंबर उशिरा लागला, औषधं घेता घेता अंधार पडला. परतीचा रस्ता नेहमीचा, हिंगणघाट, जाम, समुद्रपूर. समुद्रपूर सोडून गिरडच्या बाजूला लागलो आणि डाव्या हाताच्या तुरीतून एक रोही, म्हणजे नीलगाय, सरळ गाडीवर आला. ब्रेकवर पाय पडला तेव्हा धडक होऊन गेली होती. रोही पडला, उठला आणि लंगडत पलीकडच्या कापसाच्या पऱ्हाटीत शिरला. बाबा मागं बसले होते, त्यांच्या कपाळाला पुढची सीट लागली. बाकी आम्हाला दोघांनाही काही झालं नाही. गाडीचं बॉनेट मात्र काचेपर्यंत दुमडलं होतं आणि रेडिएटरचं पाणी डांबरावर वाहत होतं.

थंडीच्या दिवसांत रात्री रोही आणि रानडुकरं रस्त्यावर येतात हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. म्हणूनच मी कधी नुसत्या थर्ड पार्टीवर, म्हणजे फक्त दुसऱ्याच्या नुकसानीच्या विम्यावर, भागवलं नाही, दरवर्षी आपल्या गाडीचं नुकसानही भरून देणारा फुल विमा काढला. गावातल्या एकाच्या ट्रॅक्टरनं गाडी टोचन करून आणली. घरी आल्यावर बाबा खर्चाचं विचारू लागले, तेव्हा मी म्हणालो, "विमा आहे बाबा, तुम्ही झोपा."

दुसऱ्या दिवशी गाडी हिंगणघाटच्या गॅरेजात नेली. तिथं क्लेमचं काम पाहणाऱ्या पोरानं माझ्या मोबाईलवरची पॉलिसी मागितली आणि तिच्यावरचा क्यूआर कोड आपल्या फोननं स्कॅन केला. बराच वेळ तो स्क्रीनकडे पाहत राहिला. मग फोन माझ्यासमोर धरला. नाव माझं होतं, गाडीचा एमएच-32 चा नंबर माझा होता, तारखाही जुळत होत्या. पण वाहनाच्या वर्गापुढे दुचाकी लिहिलं होतं आणि विमा फक्त थर्ड पार्टीचा. माझ्या मोबाईलमधल्या पीडीएफवर त्याच पॉलिसी क्रमांकाखाली प्रायव्हेट कार, 1197 सीसी, फुल विमा असं छापलेलं होतं. तो म्हणाला, "काकाजी, हे पीडीएफ कोणीतरी बदलवलं आहे. कोड तेवढा खरा राहिला."

आता ही पॉलिसी माझ्याकडे कशी आली ते सांगतो.

जुलै 2023 चे दिवस होते. एक रुपयात पीक विम्याचं ते पहिलं वर्ष, सगळ्या ऑनलाइन सेवा केंद्रांवर झुंबड उडाली होती. मी सातबारा, आधार, पासबुक घेऊन तालुक्याच्या गावी एका केंद्रावर रांगेत उभा होतो. केंद्राच्या बाजूलाच टेबल टाकून एक माणूस लॅपटॉप घेऊन बसला होता. गाड्यांचे विमे काढून देतो असा बोर्ड मागं लावलेला. माझ्या स्विफ्टचा विमा त्याच महिन्यात संपत होता. कंपनीकडून नूतनीकरणाचा मेसेज आला होता, 7,940 रुपये. पेरणी नुकतीच झालेली, बियाणं आणि खतात हात रिकामा झालेला. त्यानं गाडीचा नंबर विचारला, दोन मिनिटं टकटक केली आणि म्हणाला, "कायले कंपनीले जास्तीचे पैसे देता जी? आपल्याकडून 5,200 मध्ये होऊन जाते. फुल विमा. क्लेमचं काम पडलं तर मी बसलोच आहे इथं."

मी विचारलं, एवढं स्वस्त कसं? तो म्हणाला, आमचं कमिशन आम्ही गिऱ्हाइकाला सोडतो. हे उत्तर मला पटलं, कारण दुकानदार असं सोडतात हे आपण रोज पाहतो. पैसे मी यूपीआयनं त्याच्या नंबरवर पाठवले. तासाभरात व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली. तरी मनात थोडं होतं म्हणून त्याच्यासमोरच बोललो, हे खरं कशावरून? त्यानं मला गाड्यांच्या सरकारी नोंदी दाखवणारं एमपरिवहन ॲप उघडायला लावलं. म्हणे दोन दिवसांनी पुन्हा पाहा. दोन दिवसांनी पाहिलं तर विम्याची मुदत जुलै 2024 पर्यंत दिसत होती. माझी शंका तिथंच मिटली.

इथं थांबून नीट समजून घ्या, कारण बहुतेक जण इथंच फसतात. तो विमा अगदीच खोटा नव्हता. माझ्या कारच्या नंबरावर त्यानं खरोखरच्या कंपनीची खरोखरची पॉलिसी काढली होती, फक्त अर्जात गाडी दुचाकी म्हणून दाखवली होती. त्यामुळे सरकारी नोंदीत विमा चालू दिसला. मी मुदत पाहिली. पॉलिसी कोणत्या वाहनाची आहे हे पाहायला हवं, हे डोक्यातच आलं नाही.

पैशाचा हिशोब मी नंतर बसून केला. तो तुम्हीही करा, त्याला कुठलं ॲप लागत नाही. थर्ड पार्टीचे दर कंपनीच्या मर्जीवर नसतात, ते केंद्र सरकार ठरवतं आणि सगळ्या कंपन्यांना सारखेच असतात. 1 जून 2022 पासून 1000 ते 1500 सीसीच्या खासगी कारला वर्षाचे 3,416 रुपये होते. त्यावर 18 टक्के जीएसटी लावला की 4,031 होतात. म्हणजे माझ्या गाडीचा नुसता थर्ड पार्टी विमासुद्धा कोणीही याच्या खाली देऊ शकत नव्हतं. मग 5,200 मध्ये गाडीच्या नुकसानीच्या भागाला उरले 1,169, त्यातही जीएसटी, आणि वर तो म्हणतो कमिशन सोडलं. हे गणित बसतच नाही. उलट 75 ते 150 सीसीच्या दुचाकीला 714 रुपये होते, जीएसटीसह 843. कंपनीला गेले तेवढेच. बाकीचे 4,357 त्याच्या खिशात.

कंपनीच्या 7,940 च्या आकड्यात माझी 45 टक्के सूट धरलेली होती, कारण सलग चार वर्षं मी क्लेम केला नव्हता. त्याला आपण नो क्लेम बोनस म्हणतो. टेबलवाल्यानं मला या बोनसबद्दल एक शब्द विचारला नाही, जुनी पॉलिसीही मागितली नाही. खरा एजंट पहिला प्रश्न हाच विचारतो. पॉलिसी संपून 90 दिवस उलटले की हा बोनस जातो. माझे ते दिवस ऑक्टोबरातच संपले होते आणि मला पत्ताही नव्हता. चार वर्षं सांभाळलेली सूट गेली. नवीन विमा काढताना गाडीची तपासणीही करून घ्यावी लागली, तीसुद्धा दुरुस्तीनंतर.

आणखी एक गोष्ट तेव्हाच खटकायला हवी होती. दरवर्षी विमा काढला की कंपनीचा मेसेज येतो. त्या वर्षी आला नाही. कारण पॉलिसीवर मोबाईल आणि ईमेल माझा नव्हताच, त्याचाच कुठला तरी होता. कंपनीनं जे काही कळवलं असेल ते त्यालाच कळलं.

कंपनीच्या टोल फ्री नंबरवर फोन केला. बाई सभ्यपणे बोलल्या. पॉलिसी आमची आहे, दुचाकीची आहे, आम्हाला दुचाकीचाच हप्ता मिळाला आहे, कारचा क्लेम बसणार नाही. नियमानं त्यांचं बोलणं बरोबर असेल. पण माझा एक प्रश्न आजही तसाच आहे. सरकारी नोंदीत जो नंबर कार म्हणून आहे, तो तुमच्या संगणकानं दुचाकी म्हणून घेतलाच कसा? एजंट चोर होता हे मान्य, पण दार उघडं कोणी ठेवलं? हाच प्रश्न मी विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रारीत लिहिला आहे. पोर्टल जमत नसेल तर 155255 या नंबरवर फोन करून तक्रार देता येते.

पोलीस ठाण्यात अर्ज दिला. सोबत पीडीएफ, स्कॅन केल्यावर दिसणाऱ्या पानाचा फोटो, यूपीआयचा उतारा आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं जोडलं. मी गप्पांचा तो धागा डिलीट केला नव्हता हे नशीब, नाहीतर हातात पुरावाच राहिला नसता. तोवर तो माणूस टेबल उचलून गेला होता, फोन बंद. केंद्रवाला म्हणतो, तो माझा कोणी नव्हता, जागेचं भाडं देत होता. पैसे परत मिळालेले नाहीत. ऑनलाइन पैसे गेल्याचं लगेच लक्षात आलं तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करून रक्कम अडवण्याचा प्रयत्न होऊ शकतो. माझ्या बाबतीत मध्ये पाच महिने गेले होते.

दुरुस्तीचं बिल 71,300 रुपये आलं. बॉनेट, बंपर, दोन्ही हेडलाइट, रेडिएटर, एसीचा कंडेन्सर, समोरची काच, डावा फेंडर. त्या वर्षी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 7,020 रुपये क्विंटल होता, मला घाईत व्यापाऱ्याला 6,800 नं द्यावा लागला. साडेदहा क्विंटल कापूस त्या बिलात गेला. वेचाईची मजुरी वेगळी.

पण खरं सांगतो, कापूस गेल्याचं दुःख मी पचवलं. झोप उडाली ती दुसऱ्याच विचारानं. त्या रात्री रोह्याच्या जागी वावरातून परतणारा एखादा सायकलवाला असता तर? जुलैपासून डिसेंबरपर्यंत मी त्या गाडीतून लग्नाला गेलो, बाजाराला गेलो, शाळेच्या पोरांना सोडलं. कोणाचा जीव गेला असता तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणानं ठरवलेली भरपाई कंपनीनं माझ्या नावावर ढकलली असती. आमचं सात एकर वावर आहे, बाबांनी विहीर खोदून ओलिताखाली आणलेलं. ते विकूनही अशी रक्कम पुरली नसती, आणि ज्याच्या घरचा माणूस गेला त्याच्या हाती काय पडलं असतं? विमा नसताना गाडी चालवल्याचा दंड पहिल्यांदा 2,000 रुपये आहे. लोक त्या दंडाच्या धाकानं विमा काढतात. दंडाचं काय घेऊन बसलात, तो भरून मोकळं होता येतं.

म्हणून गाडी गॅरेजात असतानाच मी गावात निघालो. ज्यांनी ज्यांनी त्या टेबलावर विमा काढला होता त्यांच्या घरी गेलो आणि कोड स्कॅन केले. नऊ पॉलिसी पाहिल्या, चार दुचाकीच्या निघाल्या. त्या चारांतली एक प्रत्यक्षात पिकअपच्या नंबरावर होती. ही पिकअप कापूस घेऊन हिंगणघाटला जाते आणि वेचाईच्या दिवसांत तिच्यात बायाही बसतात. मालाच्या गाडीत माणसं बसवणं मुळात चूकच, पण गावात दुसरं साधन नसतं. भाड्यानं चालणाऱ्या अशा साडेसात टनांच्या आतल्या मालवाहू गाडीला तेव्हा थर्ड पार्टीचेच 16,049 रुपये होते. त्याच्याकडून घेतले होते नऊ हजार. तो माणूस आधी माझ्यावरच चिडला, "तुमचं झालं तर माझंही झालं म्हणता का जी?" मग स्क्रीन पाहून खाली बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं गाडी काढली नाही. बायकोचे दागिने गहाण ठेवून खरा विमा काढला, मगच काढली.

आता मी विमा कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून काढतो, पैसे कंपनीच्या नावावर जातात. ज्यांना ते जमत नाही त्यांनी एजंटकडून जरूर काढावा, आमच्या भागात चांगले एजंट आहेत, क्लेमच्या वेळी सोबत उभे राहतात. फक्त पैसे माणसाच्या नंबरवर टाकू नका, कंपनीच्या लिंकवर भरा. अर्जात तुमचाच मोबाईल नंबर लिहायला लावा आणि कंपनीचा मेसेज आल्याशिवाय टेबलावरून उठू नका. पीडीएफ आली की कोड स्कॅन करा आणि उघडलेलं पान कंपनीच्याच साइटचं आहे ना ते बघा. त्यावर वाहनाचा वर्ग, मॉडेल, सीसी आणि हप्त्याची रक्कम तुमच्या कागदाशी ताडून पाहा. कोड नसेल किंवा उघडत नसेल तर कंपनीच्या साइटवरचा नंबर शोधून फोन करा, पीडीएफवर छापलेला नाही, कारण तोही बदलता येतो. पॉलिसी क्रमांक सांगून एकच विचारा, ही पॉलिसी कोणत्या वाहनाची आहे?

समुद्रपूर, हिंगणघाट, वरोरा या भागात ज्यांनी 2023 च्या जुलै-ऑगस्टमध्ये पीक विम्याच्या गर्दीत असा स्वस्तातला विमा काढला, ती मुदत आता संपली आहे. पण तुमचं नूतनीकरण त्याच माणसानं किंवा त्याच्यासारख्या दुसऱ्यानं केलेलं असू शकतं. आज रात्री जेवण झाल्यावर मोबाईलमधली पीडीएफ काढा आणि घरातल्या दुसऱ्या फोननं तो कोड स्कॅन करा. उद्या गाडी त्यानंतरच काढा.